झोपू दे

संध्याकाळी घरी येऊन चंद्रहासनं पिंजऱ्याचं दार उघडलं तेव्हा चकली सकाळी होता तसाच होता. म्हणजे अगदी तसाच. झोळीच्या कडेवरून मागचा एक पाय बाहेर लोंबत होता, शेपटी तोंडावर ओढलेली होती आणि नाकाचं गुलाबी टोक तिच्यातून जेमतेम दिसत होतं. सकाळच्या दृश्यात काडीचाही फरक पडलेला नव्हता, आणि फरक पडलेला नाही ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. त्यानं आधी बॅग खाली ठेवली, जॅकेट खुर्चीवर टाकलं, "काय महाराज, अजून झोप पुरी नाही का झाली?" असं रोजच्यासारखं विचारलंसुद्धा. घरात दुसरं कुणी नसलं की माणूस भिंतीशीही बोलतो, इथं निदान कान असलेलं काहीतरी होतं. बायको मिताली तिच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सांगलीला गेलेली, मुलगी स्पृहा युनिव्हर्सिटीसाठी क्लेटनला खोली घेऊन राहणारी, आणि परदेशातल्या, टार्निटमधल्या या चार बेडरूमच्या घरात हे दोन पुरुष. त्यानं हात आत घातला. टायमरवर लावलेला हीटर नुकताच सुरू झाला होता, त्यामुळे झोळीचं कापड कोमट होतं. आतलं अंग कोमट नव्हतं, आणि मऊही नव्हतं.

तरी त्याचा विश्वास बसला नाही, आणि याला कारण होतं. फेरेट हे जनावरच तसं. दिसायला मुंगसासारखं, पण आणखी लांबुडकं, अंगाला कितीही धुतलं तरी न जाणारा वास, आणि झोप अशी की बघणाऱ्याचा जीव जावा. स्पृहानं बारावीत असताना हट्टानं ते आणलं. गोल गुंडाळून झोपतं आणि दिवाळीच्या डब्यात तसंच काहीतरी असतं, एवढ्यावर तिनं नाव ठेवून टाकलं. "चकली आला", "चकली चावला" असं ती म्हणायची, आणि पाहता पाहता घरातल्या सगळ्यांचं व्याकरण बिघडलं. मग ती क्लेटनला गेली. तिथं घरमालक जनावर ठेवू देईना, म्हणून चकली मागे राहिला. ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात चंद्रहासनं त्याला उचललं तर तो ओल्या टॉवेलासारखा दोन्हीकडून लोंबला. मान नाही, डोळे नाहीत, श्वास कळेना. त्याला बुटाच्या खोक्यात घालून चंद्रहास मोजे न घालता गाडी हाकत व्हेटकडे गेला आणि तिथल्या वेटिंग रूममध्ये, एक लॅब्रॅडॉर आणि दोन मांजरांच्या देखत, चकलीनं सगळे दात दाखवत जांभई दिली. रिसेप्शनवरची मुलगी हसून म्हणाली, "फर्स्ट टाइम, मेट? दे ऑल डू इट." त्या रात्री स्पृहा फोनवर इतकी हसली की शेवटी तोही हसला. मग ती गंभीर झाली. "बाबा, डेड स्लीप म्हणतात त्याला. इट्स अ थिंग. पण तू ना, बाहेर पडायच्या आधी त्याला उठवायचंच. एव्हरी मॉर्निंग. नाकाला फिश ऑइल लाव, ही वेक्स अप. दॅट्स द वन थिंग आय नीड यू टू डू. प्रॉमिस?" त्यानं प्रॉमिस केलं.

आणि काही दिवस पाळलंही. पण त्या जनावराला उठवताना त्याला फार वाईट वाटायचं. बाटलीतला थेंब बोटावर घेऊन नाकापाशी धरायचा, मग कुठून तरी खोलवरून ते वर येऊ लागायचं. आधी नाक हलायचं, मग मिशा, मग एक डोळा किलकिला व्हायचा, आणि त्या डोळ्यात जी नाराजी असायची ती चंद्रहासला सहन व्हायची नाही. झोपलेल्याला उठवणं ही त्याच्या लेखी मारण्याच्या खालोखालची गोष्ट होती. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. चिंचवडच्या त्या दोन खोल्यांत ते हवेतच होतं. बाबा कारखान्यात, महिन्यातून निम्मे दिवस तिसरी पाळी. सकाळी यायचे, आंघोळ करून दोन घास खायचे आणि आतल्या खोलीत चादर डोक्यावरून घेऊन झोपायचे. मग घर बदलायचं. "बाबा झोपलेत" हे आई तोंडानं नाही, नुसत्या ओठांनी सांगायची. रेडिओ बंद, कडीला कापड गुंडाळलेलं, दादा आणि तो चवड्यांवर चालणार. चटणी वाटायची तर आई मिक्सर पदराखाली घेऊन खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जायची. खाली भाजीवाला आला की ती गॅलरीतून दोन्ही हात हलवून त्याला गप्प करायची, आणि तो बिचारा त्यांच्या इमारतीपुढून नुसता हातगाडी ढकलत जायचा, पुढं गेल्यावर ओरडायचा. आईबाबांना एकमेकांशी प्रेमानं बोलताना चंद्रहासनं कधी ऐकलं नाही. पण तो मिक्सर घेऊन जिना उतरणारी आई त्याला आठवते, आणि प्रेम म्हणजे काय असं कुणी विचारलं तर आजही तो तेच सांगेल. माणसाला झोपू द्यायचं.

तेव्हा हळूहळू फिश ऑइलची बाटली मागे सरकली. सकाळी पिंजऱ्यात हात घालायचा, ऊब लागली की "झोप बाबा, झोप" म्हणायचं आणि ट्रेन गाठायची. आजही तेच झालं होतं. झालं होतं ना? घरातून निघताना त्यानं हात घातला होता हे नक्की. बोटांना ऊब लागली होती हेही नक्की. पण ती कुणाची? हीटरची जाळी पिंजऱ्याच्या बरोब्बर वर आहे, थंडी वाजू नये म्हणून त्यानंच पिंजरा तिथं हलवला होता. झोळी उबदार असणारच होती. आतलं अंग लुळं होतं, पण ते तर रोजच असायचं. त्याला वाटलं होतं की जरा जास्तच जड लागतंय. वाटलं होतं का? की आता वाटतंय? एवढं मात्र त्याला स्वच्छ आठवत होतं की बाटली हाताशी होती, त्यानं तिच्याकडे पाहिलं होतं, मग घड्याळाकडे पाहिलं होतं. ही ट्रेन गेली की पुढची येईपर्यंत प्लॅटफॉर्मवर कुडकुडायचं, आणि सकाळची पहिली मीटिंग त्याचीच होती. "झोप बाबा, झोप," तो म्हणाला होता, अगदी मायेनं.

तेच बुटाचं खोकं त्यानं पुन्हा काढलं. व्हेटकडे जाताना प्रत्येक सिग्नलला तो झाकण उचलून बघत होता, आणि अर्ध्या रस्त्यापर्यंत तर त्याला खरंच वाटत होतं की वेटिंग रूममध्ये जांभई येणार, ती मुलगी हसणार, आपण स्पृहाला फोन करणार. डॉक्टरबाईंनी फार वेळ घेतला नाही. जाऊन काही तास झालेत, म्हणाल्या. किती तास? ते सांगता येणार नाही, घरात हीटर असेल तर आणखीच कठीण. कशानं? "ऑनेस्टली? कुड बी हिज हार्ट, कुड बी एनीथिंग." पोस्टमॉर्टेम करता येईल, पण त्यातही पुष्कळदा काही सापडत नाही. वय काही फार नव्हतं, काल रात्री भरपूर खाल्लं होतं, मोजा पळवून सोफ्याखाली नेला होता. "मी सकाळी निघालो तेव्हा जिवंत असेल का?" हे त्याला विचारायचं होतं. इंग्रजीत जुळवलेलं वाक्य त्याच्या जिभेवर होतं. पण विचारलं असतं तर त्यांनी सहज विचारलं असतं, तुम्ही उठवून पाहिलं नाहीत का, आणि म्हणून त्यानं थँक्यू म्हटलं आणि खोकं उचललं.

फोनवर स्पृहा रडली, मग नाक पुसत म्हणाली, "त्याला कापू नको देऊस, बाबा. प्लीज." मग थोड्या वेळानं, "सो, तो झोपेतच गेला ना? दॅट्स गुड. दॅट्स लाइक द बेस्ट वे." त्यानं हो म्हटलं. पोरगी आपलीच समजूत काढत होती आणि जाता जाता त्याचीही. ते ऐकून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

रात्रभर तो खोलीतून खोलीत हिंडला नाही की काही नाही; नेहमीसारखा झोपला, आणि याचाच त्याला सकाळी राग आला. शनिवार होता. वॉशिंग मशीनच्या मागे त्याला चकलीचा साठा सापडला. जोडी नसलेले मोजे, एक इअरफोन, मितालीची केसांची क्लिप, आणि जिच्यासाठी तो महिनाभर मितालीवर चिडला होता ती गॅरेजची किल्ली. ते सगळं पुढ्यात घेऊन तो जमिनीवर बसून राहिला. कालपर्यंत या घरात कुणीतरी त्याच्या वस्तूंवर नजर ठेवून होतं. उठवलेलं आवडत नव्हतं बिचाऱ्याला, पण एकदा उठला की पाठीची कमान करून बाजूबाजूनं उड्या मारत यायचा, जणू एवढा वेळ झोपून राहिल्याबद्दल त्यालाच वाईट वाटत असावं. हे शेवटचं आपण कधी पाहिलं? सकाळचं उठवणं सोडल्यापासून ते फक्त रात्रीच दिसायचं, तेही तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असला तर नाहीच. किती सकाळी त्यानं दयेपोटी टाळल्या. दयेपोटी? बाटली उघडायची, थेंब काढायचा, तो जागा होईपर्यंत थांबायचं, मग त्याला खेळायचं असणार, मग उशीर. झोपलेलं जनावर काही मागत नाही. हा विचार आला तेव्हा तो जिथं होता तिथंच थांबला असता तरी खूप झालं असतं, पण तो थांबला नाही. मनानं तो तसाच पुढं चिंचवडला गेला.

आईचा फोन सुहासिनीवहिनींकडे असतो, कारण आई कुणाचाही फोन उचलते आणि गोड बोलणाऱ्याला ओटीपी सांगते. आईची कॉट हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. चंद्रहास फोन करतो तो संध्याकाळी, टार्निट स्टेशनच्या पार्किंगमध्ये, गाडी सुरू करण्याआधी. तेव्हा तिथं दुपार असते. वहिनींचे हात कामात असतात, त्या स्पीकर लावतात. "बोला भावजी. आई आत्ताच झोपल्यात. उठवू का?" आणि तो म्हणतो, "नको नको, झोपू दे. काही विशेष नाही." मग दोन वाक्यं दादाच्या ब्लडप्रेशरची, एक पावसाचं, आणि फोन बंद. किती वर्षं झाली हे चाललंय. रविवारी दुपारी केला तर तिकडे सकाळ असते, आई चहा पिऊन ताजीतवानी बसलेली असते, हे काय त्याला माहीत नव्हतं? चकली नवा होता तेव्हा ते रविवारीच बोलायचे, व्हिडिओवर. आई त्याला मुंगूस म्हणायची. मुंगसाचं तोंड दिसणं शुभ, म्हणून फोन लागला की आधी "त्याला तोंड दाखव म्हणावं", आणि स्पृहानं ते वळवळणारं तोंड कॅमेऱ्यापुढं धरलं की आई हात जोडायची. मग हसू ओसरलं की तिचा ठरलेला प्रश्न यायचा. "कधी येतोस?" तो म्हणायचा, रजा, प्रोजेक्ट, पुढच्या वर्षी नक्की. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. ती नुसतं "बरं" म्हणायची. मग रविवारी दुपारी काही ना काही निघायला लागलं, आणि फोन संध्याकाळवर गेला. आई झोपलेली असते त्या वेळेवर.

स्टेशनवरून स्पृहाला घेऊन तो आला तेव्हा आभाळ भरलेलं होतं आणि वारा बोचरा होता. मागच्या अंगणात कुंपणालगत खड्डा खणायचं ठरलं. ह्या भागातली जमीन म्हणजे वर चिकणमाती आणि हातभर खाली काळा दगड. वसाहत बांधणाऱ्या इस्टेटवाल्यांनी वर गवताची गुंडाळी पसरून ते झाकलेलं असतं. पहार दगडावर आपटली की हात खांद्यापर्यंत झिणझिणत होता. स्पृहा खोकं मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. तिनं त्यात मोजे ठेवले, सगळे. त्यातला एक त्याचा चांगल्यातला होता, पण त्यानं तो जाऊ दिला.

"बाबा."

"हं."

"काल सकाळी हाऊ वॉज ही? म्हणजे उठल्यावर. वीअर्ड वागत होता का?"

पहार दगडाच्या फटीत अडकली होती. ती हलवत राहिलं तर आणखी मिनिटभर तरी बोलावं लागणार नव्हतं. त्यानं ती सोडून दिली.

"मी उठवलंच नाही त्याला," तो म्हणाला. "हात लावला. गरम लागलं. वाटलं, झोपलाय, झोपू दे."

"तेल?"

"नाही लावलं. बरेच दिवस नाही लावत."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे थेट आईसारखे आहेत, चंद्रहासच्या आईसारखे, हे त्याला पूर्वी कधी एवढं जाणवलं नव्हतं. ओरडेल, असं त्याला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सो वुई डोन्ट नो," ती म्हणाली. "ही माइट हॅव बीन... वुई जस्ट डोन्ट नो."

"नाही माहीत."

"वन थिंग, बाबा. आय आस्क्ड यू वन थिंग."

"त्याची झोप मोडवत नव्हती गं," तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला कळलं की हे खरं असलं तरी पुरेसं खरं नाही. "आणि मला घाई असायची. घाईच जास्त."

दोघांनी मिळून खोकं खाली ठेवलं, तिनं दोन मुठी माती टाकली, उरलेली त्यानं लोटली. मग ती घरात गेली आणि बाथरूमचा नळ बराच वेळ वाहत राहिला. चंद्रहास तिथंच पायरीवर बसला. हाताची माती वाळून ताठ झाली होती. शेजारच्या अंगणात कुणीतरी बार्बेक्यू पेटवत होतं आणि उजेड उतरायला लागला होता. म्हणजे तिकडे दुपार. त्यानं फोन काढला, आणि मातीच्या अंगठ्यानं तो उघडेना म्हणून पॅंटला पुसला.

"बोला भावजी," वहिनींच्या मागे कुकरची शिट्टी झाली. "आज शनिवारचे कसे? आई आत्ताच झोपल्यात बघा. उठवू का?"

"उठवा," तो म्हणाला.

कुकर, पंखा, रस्त्यावरचा कसला तरी हॉर्न, सगळं ऐकू येत होतं.

"काय झालं? स्पृहा बरी आहे ना? मिताली?"

"सगळे बरे आहेत, वहिनी. पण उठवा तिला."

सपाता सरकल्याचा आवाज आला. "आई... अहो आई." काही नाही. "आई, चंदूभावजींचा फोन आहे." पुन्हा काही नाही, नुसता पंखा. चंद्रहास उभा राहिला. इतक्या वर्षांत त्यानं हा आवाज कधी ऐकलाच नव्हता, आईला उठवण्याचा, आणि त्याला वाटलं, उशीर झाला, आपण इथंही फक्त वरवर हात लावत राहिलो. मग कॉट करकरली.

"कोण गेलं?" आईचा आवाज आला, घोगरा पण जागा.

"कुणी नाही गं, आई. मी चंदू."

"मग उठवलंत कशाला? मला वाटलं, कोणीतरी गेलं."

"स्पृहाचं मुंगूस गेलं."

"अगं बाई. कशानं रे?"

"कळलंच नाही. झोपेत."

"गुणी होतं. तोंड दाखवायचं." आई म्हणाली. "पोरगी रडली असेल."

"रडली. तुझी झोप मोडली मी, आई."

"झोप कसली आलीय," आई म्हणाली. "दुपारी झोप लागत नाही मला आता. पडते नुसती डोळे मिटून."

तो पुन्हा पायरीवर बसला. "पण वहिनी रोज सांगतात, झोपल्यात म्हणून. उठवू का म्हणून विचारतात."

"विचारते की. ऐकू येतं मला. तो फोन केवढ्यांदा बोलतो." ती जराशी खोकली. "तू म्हणतोस, नको, झोपू दे. मग मी पण डोळे उघडत नाही. म्हटलं, घाईत असेल पोरगा."

कुंपणापाशी ताजी माती काळी दिसत होती. आतला नळ बंद झाला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं, आणि तोंड उघडलं तर काय बाहेर येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून तो नुसता फोन कानाला घट्ट धरून बसला.

"चंदू?" आई म्हणाली. "अरे बोल की. झोपलास की काय?"

"नाही, आई," तो म्हणाला. "जागा आहे."